महानंदाक्कांचं ऑस्ट्रेलिया

“शर्ट काढा.”

महानंदाक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. ना नाव विचारलं, ना गाव. लातूरच्या त्या दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर मी दोन दिवस बाकावर बसून होतो. माझी मुलगी पावणेदोन महिने आधीच जन्मली होती, दीड किलोचीही नव्हती. बायको सुनंदा रक्तदाबामुळे वरच्या मजल्यावर पडून होती. आणि ही ठेंगणी, निळ्या साडीतली आया मला उघडं व्हायला सांगत होती.

“मी? कशाला?”

“पिल्लू उराशी धरायचंय. आई वर पडून हाय. मग कोण धरंल, कलेक्टर?”

उघड्या छातीवर बाळ ठेवायचं आणि वरून कापड गुंडाळायचं, म्हणजे त्याला ऊब मिळते. त्याला तिथं ‘कांगारू’ म्हणत. डॉक्टर हे दोन वाक्यांत सांगून निघून जात. उरलेलं ऑस्ट्रेलिया अक्कांकडे होतं.

अक्का मूळच्या उदगीरच्या. “मावश्या दवाखान्यात लई हायेत, मला अक्का म्हणा,” हा त्यांचा नियम. वॉर्डाच्या भिंतीवर कांगारूचं चित्र होतं. या जनावराचा बाळंतिणींशी काय संबंध, असं त्यांनी कधीकाळी डॉक्टरांना विचारलं आणि तिथून नाद लागला. भाचीला मोबाइल घेऊन बसवायचं आणि पिशवीवाल्या जनावरांचं सगळं वाचून घ्यायचं.

“कांगारूचं पिल्लू जन्मतं तवा शेंगदाण्याएवढं असतंय. डोळे मिटलेले, अंगावर केस न्हाई. तरी आपलं आपण आईच्या केसाला धरून पिशवीत चढतंय. तुमची पोरगी तर त्याच्यापुढं पैलवान हाय!”

मी जरा रुबाबात सांगितलं, “मी अहमदपूरला शाळेत विज्ञान शिकवतो.”

“आस्सं? मग सांगा, कोआला कोण?”

“अस्वल.”

“अस्वल न्हाई! पिशवीवाला हाय, कांगारूच्या नात्यातला. पोरायला काय शिकवता तुमी?”

पुढचे तीन आठवडे मी त्या वॉर्डातला नापास विद्यार्थी होतो.

कुणी कुरकुर केली की अक्कांचा एकच सवाल असे, “कांगारू काय येडं हाय का?” पाठ दुखते म्हटलं, कांगारू काय येडं हाय का? बाळ घामेजलं म्हटलं, तेच. माझ्या शेजारच्या खुर्चीत उदगीरचे एक तूरडाळीचे व्यापारी बसत. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, पोट मोठं आणि लाज त्याहून मोठी. त्यांनी सुटकेचा मार्ग शोधला.

“अक्का, बाप्या कांगारूला पिशवी असती का?”

“न्हाई.”

“मग आमाला कशाला बसवता?”

“त्याला पिशवी न्हाई, तुमाला बी न्हाई. पण तुमाला हात हायेत. देवाला जरा डाव्या अंगाला घ्या मालक, पोराला मधी घ्या.”

मालकांनी देवाला डावीकडं घेतलं. दहा मिनिटांत बाप-लेक दोघं घोरत होते.

एक आजीबाई हात न धुताच नातवाला बघायला घुसल्या, तेव्हा अक्का दारात आडव्या झाल्या. “वॉम्बॅट म्हणून एक जनावर हाय. माती उकरतंय. पिल्लाच्या अंगावर माती पडू न्हाई म्हणून त्याच्या पिशवीचं तोंड मागं हाय. जनावराला कळतंय, आजी. तिथं नळ हाय.”

आठवड्याने सुनंदा खाली आली. दूध पुरत नाही म्हणून रडायला लागली. अक्का तिच्याजवळ बसल्या. “कांगारूचं एक पिल्लू पिशवीत, एक भाईर. दोघायला येगळं येगळं दूध येतंय, एकाच आईला. तुमाला एकच लेकरू हाय. येतंय दूध, घाबरू नका.” दूध आलं. वजनही चढायला लागलं.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी मी आत गेलो, तर खुर्चीत अक्का होत्या. छातीशी एक चिमुकलं बांधलेलं. त्याची आई अतिदक्षता विभागात होती, बाप तिच्यापाशी. अक्कांनी सिस्टरला विचारून बाळ घेतलं होतं. आणि अक्का गप्प होत्या.

“आज ऑस्ट्रेलिया बंद का?” मी हसत विचारलं.

त्या हसल्या नाहीत. “माझी पोरगी सातव्या महिन्यातच झाली होती, सर. चाकूरला, सासरी. कापसात गुंडाळून टोपलीत ठेवली. हात लावू नको म्हणाले, नाजूक हाय. मी बी लावला न्हाई. चार दिवस नुसती बघत बसले.”

मी शेजारच्या खुर्चीत बसलो.

“उराशी धरलं असतं तरी जगली असती का, ते न्हाई ठाव. पण धरायचं असतंय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई.”

मग त्यांनी हनुवटी जरा वर केली. “मला खाली बघता येईना. बघा बरं, झोपलं का?”

मी वाकून बघितलं. “झोपलं.”

“मग हळू बोला,” अक्का म्हणाल्या, आणि तासभर जागच्या हलल्या नाहीत.