घर आपलंच समजा

स्वस्तात कसं राहावं, या विषयावर पंचविशीतल्या मला कुणी बोलतं केलं असतं, तर मी जेवायची वेळ टळेपर्यंत बोललो असतो. माझा हिशेब पक्का होता. नोकरी तेहरानात करायची, कारण पगार तिथे चांगला. राहायचं शहराबाहेर करजला, कारण भाडं तिथे कमी. आणि या दोन्हींच्या मधे जे अंतर आहे त्याचं काय? तरुण माणसाला अंतर लागत नाही! वडिलांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते आईला म्हणाले, "याला ऊन लागलंय का बघ."

हिशेब चुकला तो मधल्या अंतरात. करजहून मिनीबस, मग आझादी चौकातून पेकान टॅक्सी. टॅक्सीत पुढच्या सीटवर ड्रायव्हरखेरीज दोघं, त्यातला आतला मी. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांच्या मधे असायचा, त्यामुळे गाडीने तिसरा गिअर घेतला की ही बातमी सगळ्यात आधी मला कळायची. त्यानंतर ऑफिसपर्यंत यूसुफाबादचा चढ पायी. भाड्यात जे वाचायचं ते बसवाले, टॅक्सीवाले आणि चांभार मिळून वाटून घ्यायचे. थोडक्यात, नोकरीला जाण्याचा खर्च भागावा म्हणून मी नोकरी करत होतो.

नोकरी लेबलांची. आमचं ऑफिस डब्याबाटल्यांवरची लेबलं छापून द्यायचं आणि त्यांवरचा मजकूर मी लिहायचो. टोमॅटोच्या डब्यावरचं 'उन्हाच्या कुशीत पिकलेला' हे माझं. लोणच्यावरचं 'आजीच्या हातची चव' हेही माझंच. लोणचं यंत्रावर व्हायचं आणि यंत्रापाशी जो माणूस होता त्याला मिशा होत्या.

मालक इंजिनियर फरहूदी, अठरा वर्षं जर्मनीत काढून नुकतेच परतलेले. माणूस दुष्ट नव्हता. मला उशीर झाला की ओरडायचे नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे फक्त दुःखाने बघायचे, जणू लागलंय ते घड्याळाला. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं.

"फरामर्ज, तुम्ही लिहिता चांगलं. पण तुम्ही आठऐवजी नऊला येता."

"साहेब, आज आझादी चौकात काय झालं..."

"आझादी चौक रोजच असतो. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर मला दुसरा माणूस शोधावा लागेल. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. भाडं नको. राहायला येता?"

मला उडी मारून हो म्हणायचं होतं. पण आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा, अगदीच नाइलाज झाल्यासारखं तोंड करून घ्यायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस म्हणजे आईबापांनी वळण न लावलेला. मला वळण लावलेलं होतं.

"छे छे, साहेब. आपल्याला उगीच कशाला त्रास."

"नको?"

"खरंच नको, साहेब," मी मान खाली घालून म्हणालो आणि तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिलो.

"बरं," साहेब म्हणाले. फोन उचलून त्यांनी खाली सांगितलं की वरची खोली कुणाला नको आहे, लेबलांचे गठ्ठे तिथे हलवा.

मला वाटलं, विसरले असतील. उद्या विचारतील. पुढचा आठवडाभर मी त्या जिन्याजवळ रेंगाळत राहिलो. साहेब दिसले की वर बघून खोल सुस्कारा सोडायचो. दोन दिवसांनी त्यांनी मला खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

शेवटी हिशेब बघणाऱ्या मलेकीबाईंपाशी मी मन मोकळं केलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू नको म्हणालास?"

"दोनदाच, बाई. पुढचं त्यांनी विचारलंच नाही!"

"अरे शहाण्या, ते जर्मनीत राहून आलेत. तिथे नको म्हणजे नको."

"मग हवं असलं तर काय म्हणतात?"

"हो म्हणतात."

"पहिल्यांदाच? असं सगळ्यांसमोर?"

"इथून पुढे कुणी काही देऊ केलं की आधी हो म्हण," बाई चष्मा चढवत म्हणाल्या. "लाज नंतर वाटून घे."

सल्ला सोन्यासारखा होता. फक्त तो कुणाच्या बाबतीत वापरायचा हे बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ऑफिससमोर, गल्लीच्या पलीकडे निकनाम नावाचे निवृत्त हेडमास्तर राहत. रोज सकाळी दारातल्या चिनाराला नळीने पाणी घालत उभे असायचे. त्या दिवशी मी चढ चढून आलो तो जीभ बाहेर काढून.

"बेटा, एवढा धापा टाकत कुठून येतोस?"

"करजहून, मास्तर."

"करजहून! रोज? अरे, मग हे घर काय परक्याचं आहे? घर आपलंच समज. इथेच राहा."

हे वाक्य आमच्याकडे पोस्टमनला म्हणतात, गॅसवाल्याला म्हणतात, रस्ता विचारणाऱ्याला म्हणतात. त्याचा अर्थ 'नमस्कार' यापेक्षा फार जास्त नसतो. मला हे ठाऊक होतं. पण मलेकीबाईंचा सल्ला ताजा होता.

"बरं," मी म्हणालो. "संध्याकाळी सामान घेऊन येतो."

मास्तरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. पण मी ऑफिसच्या दारातून वळून पाहिलं तेव्हा चिनार कोरडा होता आणि नळीचं पाणी त्यांच्या स्वतःच्या सपातेवर पडत होतं.

संध्याकाळी मी सुटकेस, गादी आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन दारात उभा राहिलो. मास्तरांच्या पत्नी फखरीखानम दारात आल्या. त्यांनी गादीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"या, या," त्या म्हणाल्या. "तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर."

मला बैठकीची खोली मिळाली. आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एक खोली असते. झुंबर, मखमली कोच, काचेच्या बशीत पिस्ते, आणि घरातल्या माणसांना आत जायची बंदी. मी झुंबराखाली गादी पसरली. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं.

"अहो, तुम्ही बोलावलंत याला?"

"मी सगळ्यांनाच बोलावतो. गेल्या वर्षी नळवाल्याला बोलावलं होतं. तो आला का?"

"मग आता जा म्हणून सांगा."

"पाहुण्याला? मी? पस्तीस वर्षं पोरांना सभ्यता शिकवली, फखरी!"

मी पिस्ते खात खात विचार केला की बिचाऱ्यांच्या घरी कुणीतरी नको असलेला पाहुणा आलेला दिसतो. हा विचार पूर्ण व्हायला थोडा वेळ लागला. पूर्ण झाल्यावर मी उठून जायला हवं होतं. पण नोकरी टिकायला हवी होती आणि ऑफिस खिडकीतून दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी जोड्यात पाय घातला तर आत मीठ. नकोशा पाहुण्याच्या जोड्यात मीठ टाकलं की तो लवकर हलतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी स्वतःला समजावलं, मीठदाणी सांडली असेल. जोड्यात. दोन्हींत.

आता तुम्ही म्हणाल, निदान ऑफिसला तरी वेळेवर जात असशील. तीच तर गंमत. करजहून मला तासभर उशीर व्हायचा. समोरच्या घरातून दीड तास व्हायला लागला.

त्याचं कारण दार. माझी ऑफिसला निघायची आणि मास्तरांची भट्टीवरून संगक रोटी आणायला निघायची वेळ एकच. दोघं एकदम उंबऱ्याशी यायचो.

"आपण आधी," मास्तर बाजूला सरकत म्हणायचे.

"छे, मास्तर. आपण वडीलधारे."

"तू पाहुणा."

"आपण गुरू."

"अरे, तुला ऑफिस आहे."

"आपली रोटी गार होईल."

मी पाऊल उचललं की आपण हरलो असं वाटून ते मला हाताला धरून थांबवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. ते निघाले तर मी निमूट त्यांच्यामागून जाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांना थांबवायचो. मधेच फखरीखानम चहा आणायच्या, कारण दारात उभ्या पाहुण्याला कोरडं कसं ठेवायचं? चहा झाला की कप कोणी आत नेऊन ठेवायचा, यावर वेगळी चर्चा व्हायची. एकदा मी पहाटेच सटकायचं ठरवलं. बघतो तर मास्तर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. पाहुणा निरोप न घेता गेला तर घराण्याबद्दल लोकांना काय वाटेल म्हणून!

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आम्ही दारात 'आपण गुरू'पर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात गल्ली ओलांडून इंजिनियर फरहूदी स्वतः आले. ते इतके दिवस खिडकीतून बघत होते म्हणे.

"काय चाललंय इथे?"

"या, या, इंजिनियर साहेब," मास्तर वाकून म्हणाले. "घर आपलंच समजा."

"धन्यवाद. मला घर आहे." साहेब माझ्याकडे वळले. "फरामर्ज, करजहून तुम्ही नऊला यायचात. आता समोरून साडेनऊला येता. हे कसं होतं ते मी शोधून काढायचा प्रयत्न केला. मला जमलं नाही. उद्यापासून येऊ नका."

आणि कुणालाही 'आपण आधी' न म्हणता ते वळले आणि थेट चालू लागले. मास्तर आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. एखादा माणूस असाही जाऊ शकतो, हे आम्ही दोघांनी पहिल्यांदाच पाहिलं.

नोकरी गेली. मी सुटकेस भरायला घेतली. पण करजची खोली सोडली होती, आणि नोकरी नसलेल्या माणसाला कुणी खोली देत नाही. भिंतीपलीकडून फखरीखानमचा आवाज आला.

"नोकरी होती तोवर दिवसा तरी घर आपलं होतं. आता तर हा दिवसाही घरीच! आणि अशा अडलेल्या पोराला आता जा म्हणायचं तरी कसं?"

"मी बघतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लग्नकार्याचा कोट चढवला, पॉलिश केलेले जोडे घातले आणि गल्ली ओलांडून गेले. मी आणि फखरीखानम बैठकीच्या खिडकीशी खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. एवढ्या दिवसांत आमचं दोघांचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं. थोड्या वेळाने मास्तर परत आले, कोट काढून कोचावर बसले.

"फार भला माणूस," ते म्हणाले. "मी पोराची बाजू मांडली. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, ठीक आहे, येऊ दे उद्यापासून. वरची खोलीही रिकामी करून देतो."

मी मास्तरांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकलो. फखरीखानमनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? एवढ्या मोठ्या माणसाने एवढं देऊ केल्यावर अधाशासारखं हो म्हणायचं? मी म्हटलं, छे छे, आपल्याला कशाला त्रास."

मी वाकलेला सरळ झालो.

"मग ते काय म्हणाले?" फखरीखानमनी अगदी हळू विचारलं.

"बरं म्हणाले."

खानमनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग त्या आत गेल्या आणि जेवणासाठी तांदूळ भिजत घातले. तिघांचे.

त्या घरात मी दीड वर्ष राहिलो. तेवढ्या काळात माझं लिहिणं छापून यायला लागलं आणि पोट सुटण्याइतकं नाही तरी भरण्याइतकं मिळू लागलं. भाड्याचा विषय मी दर महिन्याला न चुकता काढायचो. मास्तर नको म्हणायचे. मी पुन्हा काढायचो. ते पुन्हा नको म्हणायचे. तिसऱ्यांदा काढला असता तर त्यांना घ्यावं लागलं असतं, आणि एवढ्या सभ्य माणसाला अशा अडचणीत टाकणं माझ्या जिवावर यायचं.