तात्पुरते सरांची लिंक

"हा फोन पोलीस ऐकताहेत, आधीच सांगून ठेवते," मावशी म्हणाली.

"मावशी, मी बोलतोय. तुझा भाचा."

"भाच्याचा आवाज काढता येतो हल्ली. भाच्यानेच सांगितलंय मला."

सांगितलं होतं, हे खरंच. वाणिज्य महाविद्यालयात बँकिंग शिकवणाऱ्या या भाच्याला घरीदारी दुसरा विषयच नव्हता. कुणाकडे जेवायला गेला की हात धुवायच्या आधी सुरू: अनोळखी लिंक उघडू नका, घाई करणाऱ्याचं ऐकू नका, बक्षीस देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. लोक माना डोलवायचे आणि भाजी वाढून घ्यायचे. आपलं कुणी ऐकत नाही, अशी त्याची खात्री पटली होती. त्या खात्रीवरच तो लेख लिहीत होता.

स्टाफरूममध्ये या भाच्याला तात्पुरते सर म्हणत. आडनावासारखंच वाटायचं ते. नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची आणि सुट्टी लागली की संपायची. नव्या विद्यार्थ्यांनी तर एकदा फळ्यावर 'प्रा. तात्पुरते' असं आदराने लिहिलं होतं. यंदा मात्र एक कायम जागा निघाली होती. प्राचार्यांनी अट एकच घातली: ऑनलाइन बँकिंग आणि व्यापार या विषयाला वाहिलेल्या नामांकित त्रैमासिकात एक लेख. लेख आला तर जागा तुमची, नाहीतर पुढच्या वर्षी तात्पुरतेसुद्धा नाही.

लेखाचं शीर्षक तयार होतं: 'ऑनलाइन बँकिंगचे ग्राहक सावधगिरीच्या सूचनांकडे दुर्लक्ष का करतात?' निष्कर्षही तयार होता. मधलं तेवढं नव्हतं. मधलं म्हणजे तीनशे माणसांची उत्तरं.

संशोधन पद्धती

सरांनी प्रश्नावली बनवली, तिची लिंक काढली आणि फोनमध्ये होते नव्हते तेवढ्या सगळ्यांना पाठवली. सोबत मजकूर: "नमस्कार. खालील लिंक त्वरित उघडा. फक्त दोन मिनिटं. मुदत आज रात्रीपर्यंत. एका भाग्यवान उत्तरदात्यास पेन ड्राइव्ह भेट."

संध्याकाळी बायको चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परत आली. चपला काढता काढता तिने विचारलं, "अहो, तो मेसेज खरंच तुम्ही लिहिलात?"

"हो. का?"

"काही नाही. मी सकाळीच ब्लॉक केलं तुम्हाला."

तिने केलं, तसं सगळ्यांनी केलं. मावशीने जरा जास्त केलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. नको त्या माणसाची लाइन कशी तोडायची याचं तिचं प्रशिक्षण पक्कं. भाच्याने खुलासा करायला फोन केला, तर तिने त्याची ओळख तपासली. भाच्याच्या डाव्या गुडघ्यावर खूण कशाची, असं विचारलं.

"सायकलवरून पडलो होतो."

"हे त्याने स्वतःच फोटोखाली लिहिलंय. जगाला माहीत आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि घरच्या ग्रुपवर इशारा टाकला: आपल्या सरांचा फोन कुणीतरी ताब्यात घेतला आहे, आवाज हुबेहूब काढतो, बळी पडू नका. इशारा ग्रुपातून सोसायटीत गेला, सोसायटीतून आणखी कुठे कुठे. सरांना ग्रुपमधून काढलं. काढणारा त्यांचा सख्खा भाऊ होता.

(इथे तक्ता क्रमांक एक यायचा होता. एकूण उत्तरं सात. त्यांतली चार साडूंची. साडूंना समोर आलेली कुठलीही लिंक उघडल्याशिवाय राहवत नाही. मागे फुकट फ्रिजच्या नादात ते फसले होते. पेन ड्राइव्हची शक्यता वाढावी म्हणून त्यांनी चारदा उत्तरं दिली आणि चारही वेळा वय वेगळं लिहिलं.)

सात उत्तरांवरून निष्कर्ष निघत होता की देशातले सगळे ग्राहक फसलेले आहेत आणि निम्म्याहून जास्त साडू आहेत.

नमुना निवड

मग सर कागदी प्रश्नावल्या घेऊन बँकेत गेले. कागदाला कोण घाबरतो? रांगेतल्या पहिल्या आजोबांनी चष्मा वर सारून कागद वाचला आणि विचारलं, "ऑनलाइन बँकिंग येत असतं तर मी इथे उभा राहिलो असतो का?"

आजोबांच्या मागच्या बाईंनी तेच म्हटलं, त्यांच्या मागच्यांनी तेच, फक्त जरा तिरकसपणे. जो ऑनलाइन व्यवहार करतो तो बँकेत येत नाही, बँकेत येतो तो ऑनलाइन करत नाही, आणि लिंक पाठवली तर ती फक्त साडू उघडतात. आपल्याला हवा असलेला ग्राहक कुठेच सापडणार नाही, हे सरांना भर रांगेत कळलं. ते बाकावर बसले. तेवढ्यात खांद्यावर सुरक्षारक्षकाचा हात पडला.

मॅनेजरबाईंनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, पाणीही दिलं. बाईंच्या फोनवर मावशीचा इशारा आला होता. वाटेत त्यात भर पडली होती: चष्मा, मध्यम उंची, प्राध्यापक असल्याचं सांगतो, प्रश्न विचारतो. सरांनी ओळखपत्र काढलं. ते गेल्या वर्षीचं निघालं. यंदाचं अजून छापायचं होतं. बाईंनी रीतसर महाविद्यालयात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने रजिस्टर बघून सांगितलं की या नावाचे कायम प्राध्यापक आमच्याकडे नाहीत.

ते अगदी खरं होतं. खोटं काही निघालं असतं तर सरांना भांडता तरी आलं असतं.

शेवटी सोडवायला बायकोला यावं लागलं. दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगावर होता. त्यामुळे बाईंनी तिला डॉक्टर समजून सरांना अधिकच हळुवारपणे तिच्या हाती दिलं.

मर्यादा

घरी सर जेवले नाहीत. संपलं, म्हणाले. शिकवण्यात आयुष्य गेलं, कुणी ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही हे सिद्धही करता येत नाही.

"ऐकलं नाही कसं?" बायको म्हणाली. "मी ऐकलं. मावशींनी ऐकलं. बँकेने ऐकलं. साडू सोडून सगळ्या गावाने ऐकलं. तेच लिहा."

सर उठले आणि शीर्षकातलं 'दुर्लक्ष' खोडलं.

चार दिवसांत लेख झाला. लिंक किती जणांना पाठवली, किती जणांनी उघडली नाही, किती जणांनी उलट इशारा दिला. सगळं जसंच्या तसं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आकडा फिरवावा लागला नाही. त्रैमासिकाच्या संपादकांचं उत्तर आठवडाभरात आलं: लेख स्वीकारला. सरांनी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी ते जेवले, गुणगुणले, आणि साडूंनाही फोन केला.

सकाळी उरलेलं पत्र वाचलं. आशा वाटली की माणूस पत्र अर्धंच वाचतो. खाली लिहिलं होतं की हल्ली खोट्या संस्थांच्या नावाने लेख येतात, म्हणून लेखक खरोखर आपल्या संस्थेत आहे याची खात्री संस्थाप्रमुखांनी करावी. त्यासाठी त्यांना वेगळी मेल पाठवली आहे.

सर चहा टाकून धावले.

चर्चा

प्राचार्य खूश होते. "या, या. तुमचीच आठवण काढत होतो. काल तुमच्या नावाने एक मेल आली. ऐका हं. अभिनंदन, आपल्या सहकाऱ्याचा लेख स्वीकारण्यात आला आहे. म्हणजे बक्षीस. चोवीस तासांत खात्री करावी, अन्यथा संधी जाईल. म्हणजे घाई. त्यासाठी खालील लिंक उघडावी. म्हणजे लिंक." तीन बोटं त्यांनी हवेत धरली. "स्टाफच्या शिबिरात तुम्ही शिकवलं होतंत, ते मी विसरलेलो नाही. मेल उडवली. वर त्यांना कळवून टाकलं, की या गृहस्थांच्या नावाने तोतयेगिरी चालू आहे, सावध राहा."

मग सरांनी अगदी पहिल्यापासून, मावशीपासून, डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सगळं सांगितलं. मेल खरी आहे, लेख खरा आहे, मुदत संध्याकाळी संपतेय. नुसतं एक पत्र लिहा, हात जोडतो. बोलता बोलता रडू फुटलं.

प्राचार्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि त्यांनी चौथं बोट वर केलं.

"आणि शेवटी ओळखीचा माणूस स्वतः रडवेला होऊन समोर येतो, तरी विरघळायचं नाही. हेही तुम्हीच सांगितलं होतंत. परीक्षा घेताय ना माझी?"

भिंतीवरचा पंखा फिरत होता. टेबलावर कायम जागेच्या यादीचा कागद होता, नावापुढची ओळ कोरी.

"सांगा ना," प्राचार्य पुढे वाकून म्हणाले, "किती गुण?"

इतक्या वर्षांत असा विद्यार्थी सरांना मिळाला नव्हता.

"दहापैकी दहा, सर," ते म्हणाले.