लाख कॅसेटींचा बाप

तळेगाव ढमढेऱ्याच्या जयसिंगरावांनी लग्नाच्या मांडवात मारुतरावांच्या कानात सांगितलं होतं ते एवढंच, की आमच्या पृथ्वीराजच्या रॉक बँडची कॅसेट निघाली आणि पाचशेच्या पाचशे खपल्या. यात तसूभरही खोटं नव्हतं. पण मारुतराव म्हणजे पंचक्रोशीतल्या लग्नांचे माईकवाले. मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांची नावं पुकारायची आणि पुकारताना प्रत्येकाला एक पायरी वर चढवायचं, हा त्यांचा रिवाज. सोसायटीचा साधा सभासद त्यांच्या तोंडून चेअरमन होऊन बाहेर पडे आणि तोही ते निमूट मान्य करी. त्यांनी माईकवर फुंकर मारली. "ज्यांच्या चिरंजीवांच्या कॅसेटी पाच हजार खपल्या, ते जयसिंगराव इथं उपस्थित आहेत, त्यांचं स्वागत!"

जयसिंगरावांनी उठून हात जोडले. चूक सुधारायची तर तेव्हाच सुधारायला हवी होती. पण पुढच्या रांगेतली माणसं वळून बघत होती, आणि आजवर त्यांच्या पोराबद्दल लोकांनी फक्त "केस कवा कापनार?" एवढंच विचारलं होतं. बापाची छाती अशी भरून आली की तिच्यात पाच हजार आरामात मावले.

पुढं लग्नसराईच होती. शिक्रापूरच्या मांडवात पाच हजारांचे पंचवीस हजार झाले. शिरूरला मारुतरावांना आणखी चेव आला आणि एकदम लाख झाले. जयसिंगरावांच्या घरी साखरबाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं.

"लाख? आवं, अख्ख्या तालुक्यात टेप तरी हायेत का तेवढे?"

"मी कुठं म्हनलो? माईक म्हनला."

"मंग हात कशाला जोडलं?"

यावर जयसिंगरावांना एकदम गोठ्यातलं काम आठवलं.

नेमके शिरूरच्या त्या मांडवात दौंडचे हौसराव बसले होते. रेल्वेच्या मालधक्क्यावर उभा जन्म गेलेला माणूस. ढिगाकडं नुसतं बघून पोत्यांचा अंदाज सांगणारा. त्यांच्या सायलीचं आणि पृथ्वीराजचं जवळजवळ ठरलंच होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. दोन दिवसांत हौसराव तळेगावात हजर झाले. समोर आलेल्या चहाला त्यांनी हातही लावला नाही.

"जयसिंगराव, लाख क्यासेटी म्हंजी एक आख्खा ट्रक. कुठं भरला, कुठं उतरला?"

जयसिंगरावांनी चहाची कपबशी आणखी थोडी पुढं सरकवली.

"पोरगं काय बी वाजवू द्या, माझी तक्रार न्हाई. पर घरच खोटं बोलनारं असंल, तर माझ्या पोरीनं उद्या इस्वास कुनावर ठेवायचा?"

आतल्या दाराशी पृथ्वीराज उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. आपल्या हौसेपायी पोराचं लग्न मोडणार, हे जयसिंगरावांना लख्ख दिसलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लाख न्हाईत. पाचशे हायेत. पर त्या पाचशे खऱ्या."

"काल लाख, आज पाचशे. उद्या पाच म्हनाल! ज्यानं इकल्या त्यो दाखवा, आन् ज्यानं घेतल्या त्यो बी दाखवा."

तिघंही जीपमध्ये बसून शिरूरला आले. एस.टी. स्टँडजवळ चांगदेवचं कॅसेटींचं दुकान होतं. त्यानं जयसिंगरावांना बघताच हातातलं गिऱ्हाईक सोडलं.

"दुसरा लॉट कवा देताय? पाचशे कवाच संपल्या. लोकं रोज इचारून जात्यात!"

जयसिंगरावांनी हौसरावांकडं असं बघितलं की बस. पण हौसराव इतक्यात हलणारे नव्हते. "घेतं कोन? कालेजची पोरं?"

"कालेजची पोरं कुठली? शेतकरी. त्यात बी बाया जास्त. नदीकडंच्या गिताबाईनंच गठ्ठा नेला की रानात."

रॉक बँड आणि गिताबाई! पृथ्वीराजसुद्धा चक्रावला.

गिताबाईंच्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती. बांधाबांधाला काठ्या रोवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी फिती ताणल्या होत्या आणि उन्हात लखलखत होत्या. पृथ्वीराजची सगळी गाणी अशी पाखरं हाकायला लागलेली बघून जयसिंगराव मटकन बांधावर बसले.

"बाई, आदी ऐकली तरी का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ऐकली की! दोन गानी ऐकली आन् म्हशीनं पान्हाच चोरला. मंग म्हनलं, एवढी धिप्पाड म्हस भेती, तर चिमनीची काय कथा? लावली रानात."

"आवं, पर फीत कुठलीबी चालती की," हौसराव म्हणाले.

"कोन म्हनतं? आदी भजनाची लावली व्हती. चिमन्या तिच्यावर बसून झोकं घ्यायच्या! ती बघा जावंच्या रानात अजून हाय."

हौसराव तसे ऐकून मानणारे नव्हते. ते जाऊबाईंच्या रानात गेले. भजनाच्या फितीखाली पाखरांची पंगत बसली होती. मग इकडं येऊन त्यांनी कणसामागून कणीस उलटून पाहिलं. एकालाही चोच लागलेली नव्हती. तेवढ्यात वारा सुटला, सगळ्या फिती एकदम थरथरल्या आणि रानभर घूंऽऽ असा खर्जातला आवाज घुमला. पृथ्वीराजनं डोळे मिटले.

"आबा, एवढं भारी तर आम्ही बी कवा वाजवलं न्हाई!" तो हसत म्हणाला.

जयसिंगराव उठून उभे राहिले. जाऊबाईंचं रान सोडलं तर नदीपर्यंत दिसणाऱ्या प्रत्येक रानात त्यांच्या लेकाची फीत चमकत होती. गोफण घेऊन माळ्यावर उन्हात बसणाऱ्या बाया घरी सावलीला गेल्या होत्या. लाखाच्या घोषणेनंही त्यांना एवढं सुख दिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"पाचशे खऱ्या हायेत," हौसराव म्हणाले. "बोलवा भटजीला. सुपारी फोडू."

दौंडला जाणाऱ्या जीपमध्ये त्यांना बसवून द्यायला जयसिंगराव स्टँडवर आले. दाटीवाटीनं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हौसरावांना विचारलं, "कोन पाव्हनं हे?"

"आमचं इवाय. जावयाचा रॉक बँड हाय," हौसराव जीपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "क्यासेट निघाली. दोन लाख खपल्या."

जयसिंगराव घाईघाईनं खिडकीशी वाकले. "आवं, पाचशे! पाचशे!"

"पाचशे तुमच्या पोराच्या," हौसराव हळूच म्हणाले. "आता त्यो माझा जावई हाय."