आचरणाचे ऐंशी गुण

"राष्ट्र संसदेत घडत नाही, कारखान्यात घडत नाही, सीमेवरही घडत नाही. राष्ट्र घडतं ते शाळेच्या बाकांवर," असं संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी पालकसभेत गंभीर आवाजात जाहीर केलं, आणि त्याच क्षणी तिसऱ्या रांगेतलं एक बाक दोन पालकांसह खाली बसलं.

त्या दोघांपैकी एक रघुनाथ घाडी. डोंबिवली पूर्वेला राहणारा, कळव्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पँट झटकत तो उभा राहिला. सभेने ते ठरावाला अनुमोदन समजून टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर झाला. आपण कशाला अनुमोदन दिलं हे रघुनाथला घरी गेल्यावर बायकोकडून, म्हणजे रचनाकडून कळलं.

ठराव असा होता. नागरिकशास्त्राचे वीस गुण आजवर सगळ्याच मुलांना पडत, आणि ते पडल्यावर मुलं शाळेतून सुटून भर रस्त्याच्या मधून चालत घरी जात. हे काही बरं नव्हे. सबब, यापुढे लेखी परीक्षा वीस गुणांची आणि आचरण ऐंशी गुणांचं. प्रत्येक सत्कृत्याचा फोटो 'सुनागरिक' नावाच्या ॲपवर चढवायचा. जो आठवीत या विषयात मागे राहील, त्याला नववीत 'अ' तुकडी नाही.

'अ' तुकडी नाही म्हणजे गणिताचे चांगले सर नाहीत, आणि गणिताचे चांगले सर नाहीत म्हणजे पुढचं सगळंच अवघड, हे डोंबिवलीत शेंबड्या पोरालाही समजतं. रघुनाथची सान्वी आठवीत होती. मुलगी हुशार, समंजस. एकच खोड होती तिला. शाळेत सांगितलेलं तिला खरं वाटायचं.

पहिला फटका रिक्षात बसला. शेअर रिक्षात मागे तिघं आणि चौथा चालकाच्या मांडीला मांडी लावून पुढे, ही तिथली वहिवाट. रघुनाथ गेली कित्येक वर्षं चौथाच. त्या दिवशी मागे सान्वी आणि आणखी दोघं बसले, रघुनाथने नेहमीप्रमाणे अर्धं अंग पुढे आत आणि अर्धं बाहेर असं ठेवलं, आणि सान्वी खाली उतरली.

"बाबा, परवाना तिघांचा आहे."

"अगं, मी बसलोच नाहीये नीट. अर्धाच बसलोय."

"मग साडेतीन झाले."

रिक्षावाला दगडू तिथल्या जुन्या गावातला माणूस. त्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय वो घाडीशेठ, पोरीला शालंत घातलाय का पोलिसात?"

मागचे दोघं घड्याळ बघू लागले. रघुनाथ उतरला.

"मग मी कसा जाऊ?"

"पुढच्या रिक्षाने."

"रांग बघितलीस किती आहे?"

"तिच्या शेवटी उभं राहायचं, बाबा," सान्वी प्रेमाने म्हणाली आणि पुन्हा मागे जाऊन बसली.

कंपनीत अर्धी रजा लागली. त्या आठवड्यात आणखीही बरंच झालं. सोसायटीत कचरा वेगवेगळा निघू लागला. दारावर वर्गणीवाले आले, तर "बाबा घरातच आहेत, पण त्यांना द्यायची नाहीये," असं त्यांना खरंखरं सांगण्यात आलं. रघुनाथने सगळं गिळलं. म्हणाला, जाऊ दे, निदान गुण तरी पडतील.

तिमाहीचा निकाल लागला. आचरणात सान्वीला शून्य.

रघुनाथ तडक शाळेत गेला. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या क्षिप्राबाई मोबाईल चार्जिंगला लावून भिंतीशी उभ्या होत्या.

"बाई, शून्य? अहो, ती आम्हाला जगू देत नाहीये."

"ते वागणं झालं, मिस्टर घाडी. आचरण वेगळं. आचरण म्हणजे फोटो असलेलं वागणं."

"पण ती म्हणते, रस्त्यात मोबाईल काढायचा नाही असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलंय ना. पाठ सहावा. तो लेखी वीसमध्ये येतो."

मग बाईंनी जरा आवाज खाली घेतला. "तुम्हाला म्हणून सांगते, मलाही रोज शिकवतानाचा फोटो चढवावा लागतो. काल चांगला येईपर्यंत तास संपला. तुम्ही बाकीच्यांचं काम बघा."

बाकीच्यांचं काम खरोखर डोळे दिपवणारं होतं. हर्षितने केळीचं साल उचलून डब्यात टाकल्याचे फोटो ओळीने लावले होते. साल एकच होतं. फोटोगणिक ते काळं पडत गेलेलं दिसे, पण हर्षितचं हसू शेवटपर्यंत ताजं होतं. ऐश्वर्या शिस्तीत रांगेत उभी होती. ती रांग तिच्या मामाने आंबिवलीहून टेम्पोतून आणलेली.

"आणि हा मुख्य. नियमाने रस्ता ओलांडणे. एकट्या फोटोला चाळीस गुण. पांढरे पट्टे दिसले पाहिजेत, सिग्नलचा दिवा दिसला पाहिजे."

"पट्टे आहेत कुठे आपल्याकडे? गेल्या पावसाळ्यात गेले."

"सगळे ठाण्यात माजिवड्याला जातात," क्षिप्राबाई म्हणाल्या. "तिथे एका चौकात ताजे आहेत. रविवारी जा. डबा घेऊन जा."

रविवारी घाडी कुटुंब माजिवड्याला रस्ता ओलांडायला गेलं. चौकात जत्रा भरली होती. सतरंज्या, थर्मास, कंगवे. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की एक घराणं पट्ट्यांवर उतरे, मधोमध थांबे, आजोबांना मध्ये घेई आणि हसे. फोटो निघेपर्यंत दिवा लाल होई. ट्रकवाले हॉर्न देत. मग कुणाचे तरी डोळे मिटलेले निघत, म्हणून लाल दिव्यात तेच घराणं पुन्हा उतरे.

"ओ, आमचा नंबर आहे," एक बाई दुसरीला कोपराने मागे सारत म्हणाली. "आम्ही नाश्ता न करता आलेलो."

"नियम पाळायला आलाय की भांडायला?"

"तुम्ही आधी मागे व्हा, मग पाळते."

सान्वी फुटपाथवर उभी राहून हे बघत होती. रघुनाथने मोबाईल काढला. "चल, बेटा. हिरवा झाला की मधोमध जाऊन थांब आणि इकडे बघ."

"पलीकडे काय काम आहे आपलं?"

"काही नाही. जायचं आणि यायचं."

"म्हणजे उगाच लोकांच्या गाड्या थांबवायच्या?"

रचनाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने रस्त्याकडे बघितलं. गणिताचे सर डोळ्यांसमोर आले आणि हळूहळू लांब जाऊ लागले. तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यावर त्याला उसाच्या रसाचं दुकान दिसलं.

"रस प्यायचाय मला," रघुनाथ म्हणाला. "घसा सुकलाय." आणि हे खरं आहे हे जाणवून तो स्वतःच चकित झाला.

"मग चला की."

सान्वी हिरव्याची वाट बघत थांबली. दोन्हीकडे बघितलं. सरळ गेली. मधोमध थांबली नाही की मागे वळून बघितलं नाही. रघुनाथने फुटपाथवरून घाईत एकच फोटो काढला. त्यात मुलीची पाठ आली, दोन वेण्या आल्या आणि समोर दिवा आला. चेहरा नाही. "गेले चाळीस," तो रचनाला म्हणाला, तरी तोच ॲपवर चढवला आणि पुढच्या हिरव्यात स्वतः पलीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच असा गेल्यामुळे त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. रस मात्र चांगला होता.

वार्षिक निकालात चमत्कार घडला. 'सुनागरिक' ॲपला चेहरा ओळखता येत नव्हता, दिव्याचा रंग तेवढा कळत होता. आणि सबंध शाळेतून हिरव्या दिव्यातला फोटो एकच निघाला. सान्वी घाडी विषयात पहिली. 'अ' तुकडी पक्की. शिवाय 'आदर्श नागरिक' म्हणून सान्वीचा आणि 'आदर्श नागरिकाचे पालक' म्हणून आईवडिलांचा सत्कार.

सत्काराला रिक्षाने जाणं बरं दिसत नाही, म्हणून रघुनाथने त्या दिवशी सोसायटीत झाकून ठेवलेली गाडी काढली. मायलेकी तालमीसाठी आधीच चालत गेल्या होत्या. हा पोचला तेव्हा शाळेच्या फाटकासमोर गाड्यांची दाटी झालेली. आबासाहेबांची सगळ्यात पुढे, आडवी. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं म्हणत रघुनाथने आपलीही तिला चिकटून लावली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

शाल झाली, नारळ झाला. आबासाहेब म्हणाले, "आता आपली आदर्श नागरिक नागरिकत्वावर दोन शब्द बोलेल."

सान्वी माईकपाशी आली. तिथून खिडकीतून फाटक दिसत होतं. ती क्षणभर बाहेर बघत राहिली.

"फाटकासमोर गाड्या लावल्या आहेत," ती म्हणाली. "त्यामुळे पहिलीच्या मुलांची बस बाहेरच अडकली आहे आणि ती मुलं उन्हात उभी आहेत. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी कृपया काढाव्यात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेबांनी डोळे टिपले. "किती साधं, पण किती खोल," असं ते शेजारच्यांना म्हणाले. मागून कुणीतरी हे बोलणं पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं आणि त्याला भराभर अंगठे येऊ लागले. उठलं मात्र कुणी नाही. रघुनाथने खिशातली किल्ली चाचपली आणि मान वळवून मागे बघितलं, कुणाची बरं असेल गाडी अशा चेहऱ्याने. मागच्याने त्याच्या मागे बघितलं. असं करत ते बघणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि भिंतीला लागून थांबलं.

सान्वी अजून माईकपाशीच उभी आहे. तेव्हा वाचकहो, हसून झालं असेल तर जरा खाली जाऊन आपली गाडी कुठे लावलीय तेवढं बघून येता का?