काशीबाईंनी बंधारा राखिला ती हकिकत

श्रीजलदेवता प्रसन्न. किन्हवली परगण्यात ओढ्यावर जो रणसंग्राम जाहला, तो पुढिलांस ठाऊक असावा म्हणोन लिहिला असे.

शीतपेयांच्या एका कंपनीने फर्मान काढिले, की जितके पाणी बाटल्यांत भरितो तितके भूमीस परत करावे. मग मेहेरबान होऊन गावच्या ओढ्यावर बंधारा बांधिला, आणि दारांत लाकडी फळ्या घालोन पाणी तुंबविले, आणि काठावर आपल्या नावाचा थोर पत्र्याचा फलक रोविला. त्या पाण्याच्या भरवशावर काशीबाईंनी काठच्या तुकड्यात भेंडी लाविली. पाणी होळीपावेतो टिकले तर भेंडी. न टिकले तर पुनश्च वाशिंदच्या कारखान्यात रोजावर जाणे, ऐसा प्रसंग.

तो खबर आली, की कंपनीचे खासे साहेब उद्घाटनास येतात. बाईंचे यजमान काळूरामजी, मासळीचे परम भोक्ते, यांनी मसलत दिली की पाहुण्यास ओढ्याचे मासे न घालणे ही गावाची बेअब्रू. मग उद्घाटनाच्या सकाळीच फौजेनिशी चालोन गेले, आणि फळ्या उपटिल्या, आणि खाली जाळी लाविली. मळे, शिवडे, वाम ऐसे मासळीतले नामांकित सरदार कैद जाहले. पाणी मात्र वाट फुटेल तिकडे पळाले.

काशीबाई कळशी घेवोन आल्या, तो हा कहर.

"मेल्या, साहेब पानी बघाया येतंय का कालवण?"

"जेवला म्हंजी पान्याचं कोन इचारतंय गो!" ऐसा काळूरामजींनी अर्ज केला.

मग बाईंनी जावा-नणंदांचे निवडक लष्कर जमविले, आणि फळ्या बसविल्या, आणि पेंढा व चिखल ठासला. परंतु एका दाराच्या फळ्या ओढ्याने नेल्या होत्या. भेंडीचे पाणी डोळ्यांदेखत चालले. तेव्हा बाईंची नजर फलकावर गेली आणि धाकटे जावेस हुकूम जाहला, "कमळ, उपट गो तो बोर्ड!"

"आगो, कंपनीचं नाव हाय त्याच्यावं!"

"मंग? नावाला काय निजाया ठेवलंय?"

फलक दारात आडवा घातला. पाण्याच्या जोराने पत्रा वाकू लागला, म्हणोन काळूरामजींस पलीकडून पाठ लावून उभे केले. पाणी थांबले.

इतक्यात साहेबांची स्वारी दाखल जाहली. बंधारा निम्मा भरलेला पाहोन संतोषले, आणि फलक कोठे म्हणोन पुसिले.

"कामाला लावलाय, साहेब," काशीबाई वदल्या.

साहेबांनी वाकोन पाहिले, तो कंपनीचे नाव उलटे, आणि त्यास टेकून काळूरामजी चिंब. साहेब आधी चकित, मग पोट धरोन हसले. काळूरामजींशी हस्तांदोलनास हात पुढे केला, तो बाई गरजल्या, "हलू नुको रं, भेंडी जाईल माझी!"

मग नव्या फळ्यांचा हुकूम सुटला. त्या शहापुराहून येईतो काळूरामजींनी मोर्चा सोडिला नाही. वर उद्घाटनाच्या मांडवात साहेब कालवण जेविले. खाली काशीबाई गुडघाभर चिखलात उभ्या राहोन यजमानांस घास भरवीत होत्या, काटे काढोन.

येणेप्रमाणे पाणी राखिले, भेंडी वाचली, फत्ते जाहली.