गायकवाडकाकांची शेवटची ओळ

गायकवाडकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, ते बूट काढता काढताच म्हणाले, "पॅसेजमध्ये छत्र्या तीन, पैकी एक मोडकी." मग किचनमध्ये डोकावून, "कुकर दोन, एकाची शिट्टी गायब." मी भडकलेच. त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, कपाळाला हात लावला.

रिटायर झाल्यावर आमच्या नॉटिंगहॅमची माणसं गुलाब लावतात. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले काका कौन्सिलच्या दप्तरखान्यात बसून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या घरांत डोकावत. त्या काळी माणूस गेला की दोन-तीन शेजारी येऊन खोलीखोलीतल्या वस्तूंची यादी करत. त्या याद्यांचं काकांना वेडच लागलं होतं.

"अगं, तो विणकर विल्यम! गादी पिसांची आणि घरात चमचा एकच! बायको ढवळत कशाने असेल?"

निवडणुकीवरून आम्ही हमरीतुमरीवर आलो की ते शांतपणे म्हणत, "इथे राजाचं मुंडकं उडवलं, त्या वर्षीच्या यादीतही चीज मोजलेलं आहेच."

पुष्कळ याद्यांची शेवटची ओळ एकच असे: 'विसरलेल्या आणि न दिसलेल्या वस्तू.' काकूंचा चष्मा हरवला की काका म्हणत, "गेला शेवटच्या ओळीत!"

"एक दिवस तुम्हालाच घालते त्या ओळीत," काकू म्हणत.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात काकूच गेल्या. महिन्याभराने मिल्टन कीन्सहून मुलगी काळ्या पिशव्या घेऊन आली. "पप्पा, आईच्या सगळ्या साड्या चॅरिटी शॉपला देऊ या. इट्स टाइम."

लगेच मला काकांचा फोन. "वही घेऊन ये. आपल्या घरची यादी आपण करायची नसते, शेजारी लागतो. यादी झाल्याशिवाय एक पिशवी हलणार नाही."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. साड्या एकवीस. लोकरीचे मोजे चार जोड. लोणच्याची बरणी, अर्धी. कंगवा एक.

"केसांसकट," काका म्हणाले. "लिही तसं."

मी लिहिलं. मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली.

सगळ्या खोल्या झाल्या. सवयीने मी खाली लिहायला लागले, 'विसरलेल्या आणि न—'

काकांनी माझा हात धरला.

"ती ओळ नको," ते म्हणाले. "चल, परत पहिल्या खोलीपासून बघू."