दुपारचा निळा चौकोन

घरात त्याला सगळे तंद्री म्हणत. पाळण्यात ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण त्या नावानं मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागायचा, म्हणून हळूहळू सगळ्यांनी सोडून दिलं. एका कंपनीत तो ॲपचं डिझाइन करायचा. म्हणजे कुठलं बटण कुठे असावं, किती गोल असावं, कुठल्या रंगाचं असावं, याचा विचार करत खिडकीबाहेर बघायचा. (यातला विचार किती आणि बघणं किती, हे त्याच्या साहेबांना दोन वर्षांत उमगलं नव्हतं. त्यालाही नव्हतं म्हणा.)

तर या तंद्रीकडे काम आलं ते खेळाडूंचं. मोठमोठे खेळाडू, ज्यांना शिंकायलाही वेळ काढून ठेवावा लागतो, त्यांच्यासाठी वेळापत्रकाचं ॲप. पहिलं गिऱ्हाईक म्हणून लांब उडी मारणारी एक मुलगी आली. मैदानावर तिला लाडानं टोळ म्हणत. पाय इतके लांब, की ती खुर्चीत बसली तेव्हा गुडघे टेबलाला लागून चहा सांडला. झोप न झालेल्या लाल डोळ्यांनी तिनं आपला दिवस वाचून दाखवला. पहाटे धावणं, मग मालीश, मग वजनं उचलणं, मग मुलाखत, मग बुटांच्या जाहिरातीचे फोटो, मग वाळूत उड्या, मग पुन्हा मालीश, मग शाळेच्या मुलांना चार शब्द.

"आणि विश्रांती?" तंद्रीनं विचारलं.

"असते की, दादा."

"कधी?"

"उडी मारल्यावर. फळीवरून पाय सुटला की वाळूला लागेपर्यंत. तेवढ्या वेळात मला कुणी फोन करू शकत नाही."

झालं! तो एवढासा वेळ तंद्रीच्या डोक्यात जो शिरला, तो निघेना. पाय सुटलेत, वाळू अजून लांब आहे, आणि मधे नुसतं निळं काहीतरी. त्या संध्याकाळी तो जिना चढता चढता आपला मजला सोडून दोन मजले वर गेला आणि दुसऱ्याच कुणाच्या दारात चपला काढून "दमलो बाई" म्हणाला. तिथल्या आजीबाईंनी त्याला पाणी दिलं आणि घरी पोचवलं.

मग त्यानं ॲपमध्ये एक निळा चौकोन काढला. दुपारची चाळीस मिनिटं. त्या चौकोनात कुणी काही लिहू शकणार नाही. ना जाहिरातवाले, ना वर्तमानपत्रवाले. फक्त प्रशिक्षकाचा हात तिथे पोचेल, कारण प्रशिक्षकापुढे कुणाचं चालतं? आणि चौकोनातून एक ढग जाईल. हळू. ढगाचा वेग ठरवायलाच तीन आठवडे गेले. आधी तो फार घाईत वाटत होता, मग आजारी वाटायला लागला, आणि मग एकदाचा ढगासारखा वाटला.

"ढग झकास जातोय," साहेब म्हणाले. "ॲप चालतं का?"

"चालवून बघायला हवं."

"मग बघा! गुरुवारी तिचे कोच येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर ठीक. नाहीतर हे काम शेजारच्या टीमकडे, आणि तुमच्याकडे ते टाक्यांचं."

टाक्यांचं म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या किती भरल्या हे दाखवणारं ॲप. त्यात आकाश कुठेच नव्हतं.

टोळ सोमवारपासून ॲप वापरून बघणार होती. पण आणखी एक माणूस हवा होता, चांगला कामानं पिचलेला. तंद्रीनं इकडे तिकडे पाहिलं आणि ठरवलं, की तो माणूस आपणच. (माणसाची स्वतःबद्दल काय काय समजूत असते बघा.) खेळाडू मिळाला, आता प्रशिक्षक पाहिजे. त्यानं बायकोला गाठलं. बायको दातांची डॉक्टर.

"तू होशील माझी कोच?"

"दिवसभर आ करून बसलेली माणसंच बघते मी. घरी आल्यावर आणखी एक नको. आईला विचार."

आई, म्हणजे त्याच्या सासूबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं साऱ्या शाळेचं वेळापत्रक त्या एकट्या लावत. पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या, आणि हातात पेन्सिल. त्यांनी लावलेला तास बदलून मागायला माणसं शेजारच्यांचा अखेरचा निरोप घेऊन जात. निवृत्तीनंतर लेकीकडे आल्या तेव्हापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

"वेळापत्रक?" सासूबाई म्हणाल्या, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी चष्मा पुसला. "आणा इकडे, जावईबापू."

आता चूक कुठे झाली ते ऐका. सासूबाईंना ॲपमध्ये प्रशिक्षक करायचं, तर नवं खातं उघडायला हवं होतं. तंद्रीनं त्याऐवजी टोळच्या कोचचं तयार खातं उचललं, त्याची नक्कल काढली, नाव बदललं, मिशीवाल्या फोटोच्या जागी सासूबाईंचा फोटो लावला. राहिली होती फक्त एक खूण काढायची, टोळच्या नावापुढची, म्हणजे ती या खात्याची खेळाडू असल्याची. त्यावर बोट ठेवणार, एवढ्यात खिडकीबाहेर एक ढग आला. हुबेहूब उंट! दोन कुबडं, मान, सगळं. उंट पलीकडच्या गच्चीवरून सावकाश निघून गेला, आणि खूण तशीच राहिली.

रविवारी दुपारी सासूबाईंनी ॲप उघडलं. खेळाडू दोन. एक जावई, दुसरी कुणी पोरगी. असेल ऑफिसातली, असं त्या समजल्या. पोरीचा आठवडा उघडला आणि त्यांचा जीव कळवळला. "अगं बाई! या लेकराला डबा खायला तरी वेळ आहे का? आमच्याकडे सलग पाच तास मी कुणाला दिले नाहीत, गणिताच्या मास्तरांनासुद्धा!"

मग त्यांनी जावयाचा आठवडा उघडला. जावयानं चाचणी चोख व्हावी म्हणून रोज पाच निळे चौकोन ठेवले होते.

"पाच ऑफ तास?" सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. "चित्रकलेच्या सरांचेसुद्धा दोनच असायचे."

चाचणीचे दिवस तंद्री घरूनच काम करणार होता. सोमवारी साडेचारला तो खिडकीशी बसून चाचणी म्हणून ढगाची वाट बघत होता, तर फोन वाजला. पडद्यावर ढग नव्हता. 'पंख्याची पाती पुसणे. प्रशिक्षकांचा आदेश.'

"आई, हे ॲप खेळाडूंसाठी आहे हो."

"मग स्टुलावर चढताना गुडघे नीट उचला."

तंद्री चढला. पहिलं पातं पुसलं, दुसरं पुसलं. तिसऱ्यावर बोटानं रेघ ओढली, तर धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगायला लागली. सोन्याची बारीक बारीक माणसं, कुठे जायचं नाही, काही करायचं नाही, नुसती हवेत. तो बघतच राहिला. किती वेळ कोण जाणे. मग स्टुलावरून उतरला आणि फडकं खांद्यावर टाकून हिंडला संध्याकाळभर.

मंगळवारी माळा आवरणे. बुधवारी गाद्या उन्हात घालणे. गादी गच्चीवर अंथरली, उन्हानं ती ऊबदार झाली, वर आभाळ स्वच्छ, आणि तो जरा कुठे पाठ टेकतो न टेकतो, तर खिशात टुण! 'गादी वाळत घालायची आहे, तुम्ही नाही.' खाली बघितलं तर अंगणात सासूबाई, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून वर बघत उभ्या.

"कसं चाललंय रे तुझं ॲप?" जेवताना बायकोनं विचारलं.

"चालतं," तंद्री म्हणाला. "फार चालतं."

गुरुवारी सकाळी कोच आले. आले म्हणजे दार ढकलून घुसले. मिशी अशी फुललेली, की फोटोतली तिच्यापुढे लहान वाटावी. मागून टोळ, दाराच्या चौकटीखाली मान वाकवून.

"माझ्या नावानं आदेश कोण देतंय?" कोच गरजले. "मी तीन दिवस बाहेरगावी काय गेलो, इथे राज्य बदललं! मुलाखत रद्द! बुटांचे फोटो रद्द! रोज दुपारी जेवणानंतर 'डाव्या कुशीवर पडणे, फोन दुसऱ्या खोलीत'! वर नुसतं 'प्रशिक्षकांचा आदेश', म्हणून हिला वाटलं मीच सांगतोय. मी काल आलो तर ही मैदानात गवतावर झोपलेली. तिच्या पलीकडे जाहिरातवाले, बूट उशाला घेऊन. रोलर ओढणारा माणूस रोलरला टेकून. सगळं मैदान घोरतंय आणि वरून ढग चाललेत!"

साहेबांनी तंद्रीकडे पाहिलं. तंद्रीच्या डोळ्यांपुढे एकामागून एक टाक्या उभ्या राहिल्या, काठोकाठ भरलेल्या. डाव्या कुशीवर. हे शब्द तो लग्न झाल्यापासून सासूबाईंच्या तोंडून ऐकत आला होता.

सांगायचं झालं तर त्याला सांगता आलं असतं, की यंत्रात बिघाड आहे. यंत्र बिचारं काही बोलत नाही. पण टोळ त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे पहिल्या दिवसासारखे लाल नव्हते.

"चूक माझी आहे," तंद्री म्हणाला. "तुमच्या खात्याची नक्कल काढताना एक खूण काढायची राहिली. एक उंट आला होता मधे. ते आदेश माझ्या सासूबाईंचे."

साहेब खाली बसले.

"काल संध्याकाळच्या संघाच्या निवडीचं पण सांगा ना, कोच," टोळ मागून म्हणाली.

कोच मिशी चावत राहिले. "चार बोटं जास्त गेली," ते शेवटी म्हणाले. "आजवर गेली नव्हती तेवढी. संघात आहे ती."

"आणि दादा," टोळ म्हणाली, "हवेत असताना मला दर वेळी डोळे मिटावेसे वाटायचे. काल नाही वाटलं. काल मी इकडे तिकडे बघितलं. एक ढग होता. तुमच्या चौकोनातल्यासारखाच, हळू."

तंद्रीनं खिडकीबाहेर बघून घेतलं.

"ॲप घेतो आम्ही," कोच म्हणाले. साहेबांचा चेहरा उजळला. टाक्यांची रांग तंद्रीच्या डोळ्यांपुढून सर्रकन निघून गेली. "निळा चौकोन तसाच ठेवा. पण माझी एक अट आहे." इथे त्यांचा आवाज एकदम शाळेतल्या मुलासारखा झाला. "त्या बाई माझं पण वेळापत्रक लावतील का?"

सासूबाई सोमवारपासून ऑफिसात यायला लागल्या. पुठ्ठा, रंगीत चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन. पोहणारे, धावणारे, कुस्तीवाले, सगळे त्यांच्यापुढे हात बांधून उभे राहतात, आणि जाताना डाव्या कुशीवर पडायला जातात. उजेड नीट हवा म्हणून साहेबांनी त्यांना खिडकीजवळची जागा दिली. म्हणजे तंद्रीची. तंद्री आता भिंतीकडे तोंड करून बसतो. भिंत निळी रंगवून मागितली होती त्यानं, साहेबांनी पांढरी दिली.

परवा दुपारी त्याला राहवेना. आपणच काढलेलं ॲप त्यानं उघडलं आणि एका निळ्या चौकोनासाठी रीतसर अर्ज केला. फार नाही, दहाच मिनिटांचा. पडद्यावर अक्षरं आली, 'प्रशिक्षक तुमची विनंती पाहत आहेत', आणि खालून तो ढग निघाला. तीन आठवडे खपून केलेला, हळू जाणारा. तंद्री त्याच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याला वाटलं, आपले पाय फळीवरून सुटलेत, वाळू अजून लांब आहे, कुणाचा फोन नाही, कुणाची हाक नाही...

टुण!

'नामंजूर. पंख्याचं तिसरं पातं राहिलंय.'